ओढदोरी

झुत्फेन, १४ जानेवारी

प्रिय यिल्डाऊ,

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुझ्या उत्तरातलं पहिलं वाक्य लिहायचं वाचेल. नाताळात लिहिणार होतो. मग म्हटलं, नव्या वर्षात लिहू. मग पेनातली शाई संपली. शाई आणायला निघालो तर नदीकाठच्या बाजारात एक म्हातारा जुनी होकायंत्रं विकत बसलेला. त्याच्याशी गप्पा मारता मारता दुपार गेली आणि दुकान बंद झालं. होकायंत्र घेतलं नाही. याला दिशा कळून काय उपयोग, असं तू म्हणणार, तेही मीच म्हणून टाकतो.

खरं कारण वेगळंच आहे. मी या वेळी चक्क टिकलोय, आणि ते सांगायची लाज वाटत होती.

सफरचंदांची तोडणी संपल्यावर इथे एका घरात पेट्या वर चढवायचं काम मिळालं. ते घर निघालं 'स्त्रेक'चं! हो, तू संगणकावर ज्याने पक्षी काढतेस तोच चित्रं काढायचा स्त्रेक. मला वाटायचं असलं काही काचेच्या उंच इमारतीत बनत असेल. इथे नदीकाठचं गळकं घर आहे, आठ माणसं आहेत, आणि जिन्यात सायकली. पेट्या वर नेऊन ठेवल्या तशी एक उंच बाई समोर आली. राखाडी वेणी, गळ्यात दोन चष्मे. म्हणाली, "तुला चित्रकलेतलं काही येतं?" म्हटलं, "नाही." "संगणकातलं?" "नाही." "छान. बस इथे, आणि एक घर काढ." मी चौकोनाचं अवजार शोधत राहिलो आणि ती पाठीमागे गप्प उभी राहून मी कुठे कुठे अडतो ते बघत राहिली. मी सगळीकडे अडलो. तिने मला ठेवूनच घेतलं.

ती हेर्मिना. स्त्रेकमध्ये काय राहायचं आणि काय जायचं हे शेवटी तीच ठरवते. माझ्याकडे ब्रश, आकार आणि वेक्टरच्या रेघा यांच्या अवजारांची आवराआवर दिली आहे. ब्रशखाली पर्यायांचा इतका पसारा होता की आपल्या आत्याचं माळ्यावरचं कपाट बरं. वर्तुळाच्या बटणावरचं चित्र जरा अंडाकृती केलं तर लोकांनी चर्चेच्या पानावर आठवडाभर मला सोलून काढलं. तीन जुनाट गोष्टी उपटून टाकल्या, तर हूं की चूं नाही. माणसं अजब असतात.

नवी आवृत्ती निघाली आहे, लगेच उतरवून घे. 'कोणी बनवलं' या यादीत सगळ्यात खाली माझं नाव आहे. आजोबांचं ते बोकडाचं प्रकरण सोडलं, तर आपल्या घराण्यातलं छापून आलेलं पहिलंच नाव.

आणि हो, तुझं मागचं पत्र टाइप केलेलं का होतं? नगरपालिकेची नोटीस आल्यासारखं वाटलं. रागावली आहेस का?

तुझा,
सीब्रेन


व्लीलांड, २३ जानेवारी

प्रिय सीब्रेन,

रागावलेली नाही. टाइप केलं की भरभर होतं, एवढंच. पत्रच हवं हा माझा हट्ट मात्र कायम आहे. फोनवर तू सगळ्याला हो-हो म्हणतोस आणि ठेवल्यावर विसरतोस.

आवृत्ती उतरवली. तुझं नाव पाहिलं. आईला दाखवलं. तिने चष्मा पुसून परत पाहिलं आणि विचारलं, "हा आपलाच का?"

इकडे पुस्तकाचं काम चालू आहे. माझ्या प्रकाशकाला, त्यालिंगला, ईस्टरनंतर लगेच सगळी चित्रं हवीत. उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी समुद्राच्या चिखलातून चालायला माणसं यायच्या आत पक्ष्यांचं पुस्तक दुकानात पाहिजे, नाहीतर ते पुढल्या वर्षावर जाईल, आणि पुढल्या वर्षी तो माझ्यासाठी थांबेलच असं नाही.

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण आहे, आफ्के. तीही स्त्रेकवर पक्षी काढते. तिच्या हाताला थोडा कंप आहे. ब्रशखाली पूर्वी 'ओढदोरी' नावाचा पर्याय होता बघ. लेखणीच्या टोकाला जणू अदृश्य दोरी बांधलेली आणि ब्रश दोरीच्या दुसऱ्या टोकाला. पूर्वी कालव्याच्या काठाने घोडा चालायचा आणि नाव मागून यायची, तसं. घोडा थोडा इकडेतिकडे झाला तरी नाव सरळच. आफ्के सगळ्या रेघा त्यावरच काढायची. नव्या आवृत्तीत तो सापडत नाही म्हणते.

जुनी आवृत्ती परत घातली, तर तिची चित्रं त्यात उघडत नाहीत. नवी आल्या आल्या तिने सगळी चित्रं एकेक करून उघडली, किरकोळ दुरुस्त्या केल्या आणि नव्यातच जतन करून टाकली. तुझं नाव बघून हुरूप आला होता ना. म्हणजे, मीच तिला तुझं नाव सांगितलं होतं.

तो पर्याय परत येईल का? तिलाही ईस्टरनंतर चित्रं द्यायची आहेत.

यिल्डाऊ


झुत्फेन, २ फेब्रुवारी

प्रिय यिल्डाऊ,

या वेळी बघ किती लवकर लिहितोय! शाई उसनी घेतली.

तुझ्या आफ्केला सांग, ओढदोरी मीच काढली. उपटलेल्या तिघांतली पहिली. आम्ही कोणावर पाळत ठेवत नाही, हा इथला धर्म समज. कोण कुठलं बटण दाबतो हे आम्हाला कळत नाही आणि कळूनही घ्यायचं नाही. म्हणून काही काढायचं तर चर्चेच्या पानावर विचारतो: हे कोणी वापरतं का? ओढदोरीबद्दल विचारलं. काहीच नाही. शुकशुकाट. अंड्यासारख्या वर्तुळापायी फिनलंडपासून पोर्तुगालपर्यंत शिव्या, आणि ओढदोरीवर एक जांभईसुद्धा नाही. म्हणजे कोणी वापरत नाही, असं मी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. हेर्मिनानेसुद्धा.

तशी ती संथही फार होती. हळूहळू, खेचत खेचत. कोणाला आवडेल?

आफ्केने वेक्टरची रेघ वापरून बघावी. बिंदू ठेवायचे, मधली रेघ आपोआप येते, हात कसाही असो. आणि कॉफी कमी कर म्हणावं! इथे आमचा ओस्मो, फिनलंडचा, दिवसाला किटली रिचवतो आणि मग त्याचं वर्तुळ माझ्या अंड्याहून वाईट येतं.

काल नदीला पूर आला. एक माणूस पाण्यातून सायकल चालवत गेला, शांतपणे, टोपीसुद्धा न काढता. मी त्याच्या मागे मागे पुलापर्यंत गेलो. काही विशेष झालं नाही. पण बघायला मजा आली.

पुस्तक कसं चाललंय ते लिही. आणि परत टाइप केलंस. खरं सांग, काय झालंय?

सीब्रेन


व्लीलांड, ९ फेब्रुवारी

सीब्रेन,

हे हाताने लिहितेय. नीट बघ. भूकंप मोजायच्या यंत्राचा कागद चुकून पाकिटात आलेला नाही, तुझ्या बहिणीचंच अक्षर आहे.

आफ्के वगैरे कोणी नाही.

मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून आहे. कपातला चहा बशीत सांडायला लागला तेव्हा लक्षात आलं. हार्लिंगनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जिवाला धोका नाही, जाणारही नाही. कॉफी मी तेव्हाच सोडली, तुझ्या माहितीसाठी.

वेक्टरची रेघ करून पाहिली. कोरल पक्ष्याची ती लांब वाकडी चोच बिंदू जोडून काढली तर कोट टांगायच्या खुंटीसारखी दिसते. सुबक, आणि मेलेली. ओढदोरीवर माझी रेघ माझीच राहायची, फक्त तिचा कंप मागे राहायचा. संथ होती ते खरं. मी पक्षी बघतेही संथच.

अजून नऊ पक्षी राहिलेत. गेल्या आठवड्यात एकही झाला नाही.

तू विचारलंस तेव्हा तुमच्या पानावर मी का बोलले नाही? कारण ते पान त्यालिंगही वाचतो. त्याला कळलं तर तो काम काढून घेईल. किंवा त्याहून वाईट, फार गोड वागायला लागेल. आईलाही माहीत नाही. तिच्यासमोर मी चहा मगातून पिते आणि तो दोन्ही हातांत धरते, ती म्हणते पोरीला थंडी वाजते.

कोणाला सांगशील तर याद राख.

य.


झुत्फेन, १६ फेब्रुवारी

यिल्डाऊ,

तुझं पत्र जिन्यात, सायकलींच्या मधे उभ्याने वाचलं. मग खाली बसलो. कॉफीचं वाक्य आठवून अजून कान गरम होतात. त्यावर एवढंच लिहितो, कारण जास्त लिहिलं तर तू चिडशील.

तुझं नाव कोणाला सांगितलेलं नाही. 'माझ्या ओळखीचं कोणीतरी' एवढंच म्हटलं.

ओढदोरी परत घालायची असं मी हेर्मिनाला सांगितलं. ती म्हणाली, "बघितल्याशिवाय नाही." हा इथला दुसरा धर्म. नवं काही घालायचं किंवा परत आणायचं, तर आधी ते लागणाऱ्या माणसाला काम करताना बघायचं. मार्चमध्ये सगळे जमतात तेव्हा त्यासाठी एक दिवस असतो, त्याला आम्ही गप्पवार म्हणतो. मधे चित्रकार बसतो आणि आपलं काम करतो. आम्ही भिंतीला टेकून, हात मांडीवर. तो बटण भलतीकडेच शोधत तळमळला तरी तोंड उघडायचं नाही. गेल्या वर्षी ओस्मोने "डावीकडे!" असं म्हटलं म्हणून त्याला बाहेर नदीवर फिरायला पाठवलं होतं.

म्हटलं, बघायला माणूसच लागतो ना, मग मी आहे. आता हसू नको. आमचं धुलाई यंत्र स्वयंपाकघरात आहे. ते कपडे पिळायला लागलं की खिडकीच्या काचा वाजतात. मी त्याच्यावर चढून बसलो, मांडीवर चित्रफलक, हातात लेखणी, आणि ओस्मोने मागून माझी कॉलर धरलेली. तेवढ्यात हेर्मिना आत आली.

"हे काय चाललंय?"

"हात थरथरणाऱ्या माणसाला काय होतं ते बघतोय."

"आणि काय होतं?"

"दात वाजतात."

ती ओस्मोला म्हणाली, "तू तरी मोठा आहेस ना?" ओस्मो म्हणाला, "म्हणून तर मी धरलंय."

पण काढलेली रेघ बघितली आणि मलाच कळलं. यंत्राचा कंप एकसारखा असतो, करवतीच्या दातांसारखा. तुझ्या पत्रातला तसा नाही. तू शब्दाच्या सुरुवातीला ठीक असतेस, वळणावर जातेस, आणि रेघ संपवताना सगळ्यात जास्त. मी ते पत्र फार वेळ बघत बसलो होतो, म्हणून माहीत आहे. याची नक्कल होत नाही.

मग मी हेर्मिनाला एक बोललो. रागात बोललो, पण अजून पटतंय. म्हटलं, "घालताना माणूस बघावा लागतो. मग काढताना नुसतं विचारून कसं चाललं? तेव्हा का नाही कोणाला बघितलं?" तिने एक चष्मा काढला आणि दुसरा लावला. पण नियम तोच राहिला.

ये ना. मी स्टेशनवर घ्यायला येतो. सगळे चांगले आहेत, गप्प बसतील.

सीब्रेन


व्लीलांड, १ मार्च

प्रिय सीब्रेन,

येणार नाही. सात अनोळखी माणसं भिंतीला टेकून माझ्या हाताकडे बघत बसलीत, हे डोळ्यांसमोर आणलं तरी चहाच काय, किटलीसुद्धा हातातून पडेल. मी काही प्राणिसंग्रहालयातली नाही. यावर परत विनवणी नको.

धुलाई यंत्राचं वाचून मात्र हसले. मोठ्याने. आई शेजारच्या खोलीतून आली आणि विचारायला लागली, "काय झालं?" आणि मी तिला सांगितलं. म्हणजे आधी यंत्राचं सांगितलं, मग ती म्हणाली, "पण तो कोणासाठी करत होता?" मग बाकीचंही सांगावं लागलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, एवढी थंडी कोणाला वाजत नाही." इतके दिवस तो मग दोन्ही हातांत धरून मी कोणाला फसवत होते कोण जाणे.

आईला कळल्यावर उरलेलं सोपं झालं. त्यालिंगला फोन केला. त्याने नुसतं "हं" म्हटलं आणि "मी कळवतो" म्हणून ठेवला. या माणसाचं "हं" फार वाईट असतं. मागे एका लेखकाला त्याने "हं" म्हटलं होतं, तो आता मासे विकतो.

फोन ठेवला आणि तुमच्या चर्चेच्या पानावर गेले. माझं नाव घालून लिहिलं. लांबलचक नाही: "ओढदोरी मी वापरत होते. माझा हात कापतो. तुम्ही विचारलंत तेव्हा हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून गप्प बसले. आता सांगते आहे." पाठवायचं बटण तिसऱ्या प्रयत्नात लागलं. कशामुळे ते तुला ठाऊक आहे.

त्यानंतर ते पान उघडलेलं नाही. तू सांग, काय चाललंय तिथे. वाईट असेल तर हळूहळू सांग.

यिल्डाऊ


झुत्फेन, १० मार्च

अगं यिल्डाऊ,

हळूहळू कसलं! तू लिहिल्यावर सकाळपर्यंत तसंच होतं. मला वाटलं झालं, परत शुकशुकाट. मग जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास फिनलंडमधल्या ऊलूहून एका बाईने लिहिलं, "मीसुद्धा." बास, एवढंच. मग ब्रिटनीतला एक निवृत्त घड्याळजी. मग एक मुलगी, तिला झटक्यांच्या औषधामुळे होतं. मग एक जण म्हणाला, मला कंप नाही, पण मी नावेवर राहतो आणि शेजारून मोठी बोट गेली की सगळं हलतं. मग अजून, अजून. कोणी शिवी दिली नाही. तुला सांगतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आम्ही विचार केला की आमच्यासारख्या थोड्यांसाठी तुम्हाला कशाला त्रास." प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. आणि मी त्यांची शांतता मोजून कोणी नाही असं ठरवलं.

आम्ही सगळे ओस्मोच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होतो. हेर्मिनाने वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि वर निघून गेली.

गप्पवार काल होता. खुर्ची मधे ठेवली होती. ऊलू लांब, घड्याळजीला प्रवास होत नाही, तू नाहीच. रिकाम्या खुर्चीकडे बघत आम्ही बसलो. शेवटी ओस्मो म्हणाला, "खुर्चीला तरी काही येत असेल, बघू या." कोणी हसलं नाही, बिचारा.

मी माझ्यापुरती ओढदोरी परत जोडून पाहिली. जोडली म्हणजे काय, ब्रश दारूच्या नशेतल्या गाढवासारखा येतो. दोरी कुठे सैल सोडायची, रेघ संपताना ती उरलेली दोरी गुंडाळून घ्यायची की तिथेच तोडायची, हे मला कळत नाही. जुनी होती तशीच परत आणायची तर आत सगळं बदललंय. हे तुला बघितल्याशिवाय जमणार नाही, हेर्मिनाचं खरं आहे, आणि मला त्याचाच राग येतो.

आणि आज सकाळपासून हेर्मिनाच दिसत नाहीये! टेबल आवरलेलं, कपात चहा नाही, सायकल नाही. ही बाई गाव सोडत नाही गं. गेल्या वर्षी तिला बर्लिनला बोलावून बक्षीस देणार होते, तर तिने कळवलं की टपालाने पाठवा. आम्ही सातजण चॉकलेटचे दाणे भुरभुरलेला पाव खात बसलोय आणि एकमेकांना विचारतोय, आता काय करायचं. कोणाला काही ठरवायची सवयच नाही. मी फार बोललो म्हणून ती गेली, असं मला वाटायला लागलंय. ओस्मो म्हणतो, तुझ्या बोलण्याने कोणी जात नाही, उलट राहतात, गोष्ट संपेपर्यंत.

त्यालिंगचं काय?

सीब्रेन


व्लीलांड, १२ मार्च

प्रिय सीब्रेन,

तुझं पत्र आत्ता दुपारच्या बोटीने बेटावर आलं. उत्तर लगेच लिहायला घेतलंय, हातानेच, कारण आता लपवायचं काही उरलं नाही. वाचता आलं नाही तर ओस्मोला दाखव.

त्यालिंगचा फोन आला. म्हणाला, "मी दोन रात्री विचार केला." मी म्हटलं, "सांगून टाक, दुसऱ्या कोणाला देतोस?" तर उखडलाच. "दुसऱ्या कोणाला कशाला? त्या उचाट्याची चोच अशी वर वळलेली, ती तुझ्याशिवाय कोण काढणार? दोरीने काढ, काठीने काढ, तुझी रेघ पाहिजे." मग जरा थांबून म्हणाला, "पण तारीख पुढे जाणार नाही हां." मला इतकं बरं वाटलं! गोड वागला असता तर मेलेच असते.

तेव्हा आता कमी आहे ती फक्त दोरी. नऊ पक्षी, ईस्टर तोंडावर, आणि तुझं दारुडं गाढव. कसं करायचं ते कळत नाही. आज सकाळी नुसत्या हाताने उचाट्या काढून बघितला. पाय बरे आले. चोच तीनदा पुसली. मग खिडकीत उभी राहून

थांब. दार वाजतंय. आई उघडतेय.

सीब्रेन, बाहेर एक उंच बाई आहे. राखाडी वेणी, गळ्यात दोन चष्मे, बोट लागून चेहरा हिरवागार झालेला. आईने विचारलं कोण पाहिजे, तर म्हणाली, "ज्यांचा हात कापतो त्या. मला बघायला यायचं होतं ते आधीच, ओढदोरी काढून टाकण्याच्या आधी. उशीर झाला." आई म्हणते, "आत या, आधी काहीतरी खाऊन घ्या," तर ती म्हणते, "नको, पोटात राहणार नाही." आता बूट काढतेय. पिशवीतून संगणक काढून तिने बाकावर ठेवलाय आणि मला विचारतेय, खुर्ची कुठे ठेवू, म्हणजे तुमच्या कोपराच्या आड येणार नाही.

तुम्ही शोधू नका तिला. मी लेखणी घेते.

यिल्डाऊ